धुलाई आठ, सुकाई पाच

गुणाजीने आयुष्यात एकही मशीन ऐकल्याशिवाय विकत घेतलं नव्हतं. बघून काय, कुणीही घेतं, असं त्याचं म्हणणं. रंगरूप बघून फार तर जावई पसंत करावा; मशीन कानानेच घ्यायचं. खोपटच्या एसटी डेपोत चौतीस वर्षं त्याने बसगाड्यांची पोटं उघडली आणि मिटली. दुरुस्त झालेली गाडी तो तशीच लाइनवर सोडत नसे. आधी ड्रायव्हरच्या शेजारी बसून कापूरबावडीपर्यंत एक फेरी मारायचा, तोंडाने एक अक्षर न बोलता इंजिन ऐकायचा आणि परत आल्यावर नुसती मान हलवायचा. मान उभी हलली की गाडी निघाली. आडवी हलली की पुन्हा वर्कशॉपात. त्याच्या मानेला डेपोत मोठी किंमत होती. घरात तेवढी नव्हती, पण ती कुठल्या पुरुषाची असते!

निवृत्तीनंतरही ही सवय सुटली नाही. मिक्सर घ्यायला गेला तेव्हा पिशवीत पाव किलो सुकं खोबरं घेऊन गेला आणि दुकानातच वाटून बघितलं. पंखा तासभर फिरवून घेतला. तो राहायचा त्या कोळीवाड्यात कुणाला पाण्याचा पंप किंवा होडीचं इंजिन घ्यायचं असलं की लोक आधी गुणाजीला पुढे करत. काळुरामच्या होडीचं इंजिन पसंत करताना तो दुकानदाराला म्हणाला होता, ‘‘कागद नको दाखवू, आवाज दाखव.’’ दुकानदाराला ते पटलं नव्हतं. पण इंजिन अजून चालतंय.

असा हा गुणाजी गेल्या वर्षी घोडबंदर रोडवर बाविसाव्या मजल्यावर राहायला गेला. गेला म्हणजे नेला. मुलाने, दर्शनने, तिथे टॉवरमध्ये तीन खोल्यांचा फ्लॅट घेतला, आणि आई-बाबांना जुन्या घरात ठेवून आपण वर राहायला जायचं हे काही त्याच्या जिवाला बरं वाटेना. मुलगा गुणी. सून दक्षता, तीही गुणी. फ्लॅट चांगला, हवा चांगली, लिफ्ट तर अशी मऊ की वर जाते की खाली हे पोटालाही कळू नये. तक्रार करायला जागाच नव्हती, आणि हीच गुणाजीची पहिली तक्रार होती.

दुसरी तक्रार अशी की तिथे काही ऐकू येत नसे. खिडक्यांना दुहेरी काचा. बावीस मजले खाली रस्त्यावर ट्रकांची रांग लागलेली दिसायची, पण हॉर्न नाही, ब्रेक नाही, काही नाही. कान असलेल्या माणसाला याहून मोठी शिक्षा कुठली? कोळीवाड्यात तो सकाळपासून ओट्यावर बसायचा. समोरून जाणाऱ्या प्रत्येक रिक्षाचा आजार त्याला चालण्यावरून कळायचा आणि तो रिक्षावाल्याला थांबवून सांगायचाही. काळुराम आणि रामा येऊन बसायचे, चहा व्हायचा, खाडी कशी बिघडली याच्या त्याच त्या गप्पा व्हायच्या. इथे टॉवरखाली ज्येष्ठ नागरिकांसाठी बाकं होती. त्यांवर बसणारी माणसं व्हिटॅमिन बी-ट्वेल्व्हवर बोलत. गुणाजी दोन दिवस बसला आणि तिसऱ्या दिवशी गुडघा दुखतो म्हणून वरच राहिला.

त्याला परत जायचं होतं. कोळीवाड्यातलं घर कुलूप लावून ठेवलेलं होतं, वीज-पाणी चालू होतं, जायचं म्हटलं तर एका टेम्पोचं काम. पण मुलाचा एवढा हौसेने घेतलेला फ्लॅट. त्याला कुठल्या तोंडाने सांगणार की तुझ्या घरात मला करमत नाही? गुणाजी मूग गिळून बसला होता. त्याला एक निमित्त हवं होतं, तेही दुसऱ्या कुणाच्या अंगावर ढकलता येईल असं.

निमित्त त्याच्या बायकोच्या लुगड्याने दिलं.

सरस्वती अजून बाजारात मासळी विकायची. पहाटे उठून बसने ठाण्याच्या बाजारात जायची आणि दुपारी परतायची. नेसायला नऊवारी, रोज दोन. एक बाजाराचं, एक घरचं. घरात कपडे धुवायचं मशीन होतं. पण बाजाराचं लुगडं बाकीच्यांच्या कपड्यांत टाकायचं नाही हे तिचं तिनेच ठरवलं होतं. सुनेने कधी नाक मुरडलं नव्हतं. मुरडायची वेळ येऊ नये म्हणूनच सरस्वती आपली लुगडी बाथरूममध्ये हाताने धुवायची आणि बाल्कनीच्या कठड्यावरून बाहेर सोडायची. आता नऊ वार म्हणजे नऊ वार. बाविसाव्या मजल्यावरून सोडलेलं लुगडं एकविसाव्या मजल्याच्या खिडकीत उतरायचं.

एकविसाव्यावर गुरुदत्त नावाचे निवृत्त गृहस्थ राहायचे. सभ्य माणूस. भांडायला वर आले नाहीत. त्यांनी पत्र लिहिलं. ‘आपल्या वस्त्राविषयी आमच्या मनात आदरच आहे. तथापि, सकाळी अकरा ते दुपारी चार या वेळेत आमच्या दिवाणखान्यात हिरवा अंधार पडतो, हे आपल्या निदर्शनास आणून देणे भाग आहे.’ पाठोपाठ सोसायटीची नोटीस आली. बाल्कनीबाहेर कपडे वाळत घालू नयेत, इमारतीची शोभा जाते. सोबत फोटो होता. फोटोत एवढा मोठा राखाडी टॉवर आणि त्याच्या छातीवर एकच हिरवा पट्टा. गुणाजीला तो फोटो फार आवडला. त्या इमारतीत आपलं काहीतरी आहे असं त्याला पहिल्यांदाच वाटलं.

त्या रविवारी घरात बैठक बसली. बाल्कनीच्या आत दोरी बांधून बघितली होती. उन्हाचं तोंड तिकडे नव्हतं, लुगडं दोन दिवस वाळत नव्हतं आणि तिसऱ्या दिवशी वास मारत होतं. दर्शनने घसा खाकरून सुरुवात केली, ‘‘आई, खरं तर आता तू बाजार बंद केलास तरी...’’

सरस्वती कोलंबी सोलत बसली होती. तिने मान वर केली, मुलाकडे बघितलं आणि पुन्हा खाली घातली. तो विषय तिथेच संपला.

मग दक्षता म्हणाली, ‘‘बाबा, वॉशर-ड्रायर घेऊया ना. आत टाकायचं धुवायला, बाहेर काढायचं सुकलेलं. आईंची लुगडी वेगळी लावायची. दोरी नको, बाल्कनी नको.’’

‘‘मशीन लुगडं सुकवनार?’’ गुणाजी म्हणाला. ‘‘नऊवारी? सुती?’’

‘‘सुकवते बाबा. रिव्ह्यू बघा ना ऑनलाइन.’’

‘‘नाय सुकवलं तं?’’

गुणाजीने संधी साधली. ‘‘नाय सुकवलं तं आमी दोघं परत कोळीवाड्यात जातू. तुजी आई बाजार सोडनार नाय, लुगडं सोडनार नाय. मंग हितं बसून लोकांच्या घरात अंधार कशाला कराचा?’’

दर्शनने खूप आढेवेढे घेतले, पण शेवटी कबूल झाला. मशीनने लुगडं सुकवलं तर सगळ्यांनी इथेच राहायचं, परत तो विषय नाही. नाही सुकवलं तर आई-बाबा कोळीवाड्यात. आणि मशीन कोण पसंत करणार? घरात मेकॅनिक असताना हा प्रश्नच नव्हता. म्हणजे परीक्षक गुणाजी, आणि विद्यार्थी नापास व्हावा अशी देवाला प्रार्थना करणाराही गुणाजीच.

सरस्वती या सगळ्यात एक शब्द बोलली नव्हती. कोलंबी सोलून झाली तशी ताट उचलून आत गेली. ती गप्प आहे म्हणजे तिचा होकार आहे, हे गुणाजी धरून चालला. बेचाळीस वर्षं तो ते धरूनच चालला होता, आणि इतक्या वर्षांत अडखळला नव्हता म्हणून रस्ता बरोबर आहे अशी त्याची खात्री होती. त्याच्या हिशेबाने तो हे सगळं तिच्यासाठीच करत होता.

पुढचे आठ दिवस त्याने ठाण्यातली दुकानं पालथी घातली. विक्रेते त्याला वाफेबद्दल सांगत, मोबाइलवरून मशीन कसं सुरू करायचं ते सांगत, बाळाच्या कपड्यांसाठी वेगळं बटण आहे हे सांगत. गुणाजी ऐकून घ्यायचा आणि विचारायचा, ‘‘चालू करून दाखव.’’ मशीन चालू नसायचं. मग तो निघून यायचा.

पाचव्या दुकानात त्याला नयन भेटली. डोंबिवलीची मुलगी, चोवीस-पंचवीसची, दिवसभर उभं राहून पायांना कंटाळलेली. तिच्या दुकानात कोपऱ्यात एक मशीन नळाला जोडून ठेवलं होतं. गिऱ्हाइकांना ड्रम फिरताना दिसावा म्हणून. गुणाजीने त्याच्याभोवती एक प्रदक्षिणा घातली, आणि त्याची नजर दारावरच्या चिकटपट्टीवर गेली. धुलाई आठ किलो. सुकाई पाच किलो.

‘‘बाय, ही आठ किलो धुते आन् पाच किलो सुकवते. मंग वरचे तीन किलो?’’

नयनने इकडेतिकडे बघितलं. मॅनेजर लांब होता. ‘‘काका, खरं सांगू? ते बाहेर काढायचे आणि मग सुकवायला लावायची. सगळ्या वॉशर-ड्रायरचं तसंच असतं. कोणी विचारतच नाही हे. घरी नेतात, आठच्या आठ भरतात, ओलं निघालं की मला फोन करतात.’’

गुणाजीला ती मुलगी एकदम आवडली. मशीनचं मर्म हातात आलं होतं. पण नुसतं मर्म घरी सांगून उपयोग नव्हता. दर्शन म्हणाला असता, मग पाचच भरा. नापास करायचं तर पुराव्यानिशी करायला हवं. ‘‘मी कपडे घेऊन येतंय,’’ तो म्हणाला. ‘‘धुवाचं, सुकवाचं, सगली ट्रायल हितंच झाली पायजे. तवाच घेवाची.’’

नयनने मॅनेजरला विचारलं. मॅनेजरने गुणाजीकडे पाहिलं आणि मंगळवार दिला, कारण मंगळवारी दुकानात कुत्रं फिरकत नसे.

मंगळवारी सरस्वती बाजारात जायला निघाली तेव्हा गुणाजी बोचकं बांधत होता. तिची तीन लुगडी, दोन चादरी, एक गोधडी आणि उरलेल्या जागेत आपले टॉवेल. ‘‘लुगडी कुटं चालवलीव?’’ तिने विचारलं. ‘‘ट्रायलला,’’ तो म्हणाला आणि दुकानाचं नाव सांगितलं. ती पाटी घेऊन चालती झाली.

बोचकं बरोबर आठ किलोचं होतं. आदल्या दिवशी सरस्वतीने आपला मासळीचा वजनकाटा चार्जिंगला लावला होता, त्यावर ती आंघोळीला गेलेली बघून गुणाजीने एकेक कपडा तोलला होता. पापलेट तोलायच्या काट्यावर गोधडी. रिक्षातून जाताना त्याला थोडं वाईट वाटलं. चौतीस वर्षांत त्याने एकाही गाडीवर खोटी मान हलवली नव्हती. आज तो एका बिचाऱ्या मशीनवर त्याच्या ताकदीबाहेरचं ओझं घालायला निघाला होता. पण मनाचं काय, समजूत घातली की बसतं. चिकटपट्टीवर आठ लिहिलंय, आपण आठ घालतोय, यात खोटं काय?

अकरा वाजता बोचकं मशीनच्या पोटात गेलं. गुणाजीने प्लास्टिकचं स्टूल ओढलं, पत्र्याला कान लावला आणि बसला.

आणि पंधरा मिनिटांत त्याच्या लक्षात आलं की मशीन चांगलं आहे. नुसतं चांगलं नाही, हरामखोर फारच चांगलं आहे. मोटर कुठे कण्हत नव्हती. पाणी भरल्यावर ड्रम आधी सावकाश फिरून कपड्यांचा अंदाज घेत होता, जसा शहाणा ड्रायव्हर नव्या गाडीचा घेतो. पिळायची वेळ आली तेव्हा ओली गोधडी एका बाजूला गेली आणि मशीन थरथरलं. गुणाजीच्या मनात चांदणं पडलं. पण ते आपणहून थांबलं, उलट फिरलं, गोधडी मोकळी केली आणि पुन्हा पळायला लागलं. गुणाजीची मान उभी हलायला लागली होती. त्याने ती धरली.

दुपारी एक जोडपं आलं. त्यांना वाटलं हा दुकानाचाच जाणता माणूस. त्यांनी विचारलं, गुणाजीने राहवेना म्हणून सांगितलं. बेअरिंग कसं आहे, ड्रम कसा आहे, आठ कधी भरायचे आणि पाच कधी. नवऱ्याने लगेच मशीन बुक केलं. नयन धावत चहा घेऊन आली. ‘‘काका, रोज या तुम्ही.’’ गुणाजीने चहा घेतला. ज्याला फाशी द्यायला आलो, त्याचीच जामिनकी करून बसलो होतो.

साडेतीनला मशीनने गाणं वाजवलं. नयनने दार उघडलं. आतून गरम दमट वाफ आली आणि मागोमाग कपडे दिसले. वरचे टॉवेल कोमट, आतली लुगडी ओली, गोधडी तर चक्क गळायची बाकी. गुणाजी उठला, एक चादर दोन बोटांत धरली आणि मान आडवी हलवली.

‘‘नापास.’’

‘‘काका, असं काय करता! मी सांगितलेलं ना तुम्हाला, मधे तीन किलो काढायचे...’’

‘‘आठ लिवलंय. आठ घातलं. वलं निगालं. मना बाकीचं नको सांगू.’’

बोलताना त्याने तिच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर बोलता आलं नसतं. आणि तेवढ्यात दुकानाच्या काचेच्या दारातून सरस्वती आत आली. डोक्यावर रिकामी पाटी, कमरेला पिशवी, पायांत रबरी चपला. रखवालदार तिला अडवायच्या बेतात होता, पण तिच्या चालण्यात अडवून घेण्यासारखं काही नव्हतं.

‘‘लुगडी न्यायला आलंय,’’ ती म्हणाली. ‘‘तिनीच्या तिनी घेऊन आलाव. उद्या बाजारात काय नेसू, चादर?’’

‘‘बग गो,’’ गुणाजी म्हणाला, आणि आवाजातला आनंद त्याला काही केल्या लपवता येईना, ‘‘सुकवत नाय ही. चल. दर्शनला सांगतू.’’

सरस्वतीने पाटी खाली ठेवली. पदराला हात पुसला आणि कोपरापर्यंत मशीनमध्ये घातला. तिचं माहेर अर्नाळ्याचं. चालायला लागल्यापासून बापाचे बोंबील वाळत घालायचे, परतायचे, उचलायचे. कुठली गोष्ट किती सुकली आणि का सुकली नाही, हे तिच्या हाताला डोळ्यांआधी कळायचं. तिने आत चाचपलं, एक काठ बाहेर ओढला, वास घेतला आणि नयनकडे वळली.

‘‘बाय, किती घातलंय यात?’’

‘‘आठ किलो, काकी. सुकवते ती पाच.’’

‘‘आन् यांना ठाव हुतं?’’

नयनने मशीनच्या बटणांकडे बघितलं. तिच्याही घरी आई-बाप होते, नवरा-बायकोच्या मधे कधी बोलू नये हे कळत होतं.

सरस्वती नवऱ्याकडे वळली. ‘‘बोंबील दाट घातलं तं आतनं वलंच ऱ्हातात. अर्नाल्याचं शेंबडं पोर सांगल. तुमाना नाय ठाव? आन् माज्या काट्याला आज कापूस चिकटला हुता. तो काय पापलेटाचा?’’

चोर पकडला गेला की निदान पळून तरी जातो. इथे तीन लुगडी मशीनमध्ये अडकलेली होती.

‘‘काडा निम्मं भायेर,’’ सरस्वती म्हणाली.

नयन पुढे झाली, पण सरस्वतीने तिला हाताने थांबवलं. तेव्हा गुणाजी वाकला. त्याने हिरव्या लुगड्याचं टोक धरलं आणि ओढलं. लुगडं येत राहिलं. वार संपता संपेनात. हातावर घेतलं, खांद्यावर घेतलं, शेवटी दोन्ही हातांत ढीग झाला आणि त्याची कंबर किंचित वाकली. एसटीची स्टेपनी उचलणारा माणूस. त्याला नवल वाटलं.

‘‘येवडं जड असतं?’’ तो म्हणाला.

‘‘ह्ये तं मशीननं पिळलेलं हाय. अर्दं सुकलेलं हाय,’’ सरस्वती म्हणाली. ‘‘माज्या हातातलं यापरीस दुप्पट.’’

गुणाजी तो ढीग घेऊन अंमळ जवळ सरकला आणि नयनला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाला, ‘‘अगो, मी तुज्यासाटीच करत हुतो. तुना परत नाय जावाचं कोळीवाड्यात?’’

सरस्वतीने आवाज खाली आणला नाही. बाजारात आयुष्य गेलेल्या बाईला तो खाली आणता येत नसावा, किंवा आज आणायचा नसावा.

‘‘माज्यासाटी? तितं तुमचा ओटा हाय. माजी मोरी हाय. तुमाना ओट्याची आटवन येते. मना मोरीची येत नाय.’’

दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं हे गुणाजीचं नशीब. मॅनेजर बिलबुकात डोकं घालून बसला. बेचाळीस वर्षं दाट वस्तीतल्या त्या घरात सकाळी ओट्यावर चहा आला होता, दुपारी ताट आलं होतं, आणि मागच्या बाजूला पाण्याचा, ब्रशाचा, आपटण्याचा आवाज चालू होता. त्याची ग्रीसने काळी झालेली खाकी वर्दी रोज तिथेच खाकी होऊन निघत होती. तो आवाज त्याने ऐकला नव्हता असं नाही. पण तो कशाचा, आणि किती ओझ्याचा, हे विचारावं असं कधी वाटलं नव्हतं. समोरून जाणाऱ्या रिक्षाला मात्र तो थांबवून सांगायचा. त्याला लाज वाटली. चांगली कान तापेपर्यंत वाटली.

नयनने गोधडी बाहेर ठेवली, हिरवं लुगडं परत आत घातलं आणि मशीन सुकवायला लावलं. पावणेदोन तास लागणार होते. ती दोघं स्टुलांवर बसून राहिली. सरस्वतीने पिशवीतून पाव आणि तळलेली मांदेली काढून निम्मी त्याला दिली. मॅनेजरचं नाक वर झालं, पण नुकतंच मशीन विकलं गेलेलं होतं, म्हणून परत खाली आलं. या खेपेला गुणाजीने पत्र्याला कान लावला नाही.

मशीनने पुन्हा गाणं वाजवलं. सरस्वतीने स्वतः दार उघडलं. लुगडं बाहेर काढलं, चुणीत बोट घातलं, काठ दुमडून बघितला, अगदी आतली घडी गालाला लावली. नयन हात जोडून उभी असल्यासारखी उभी होती.

‘‘सुकलं,’’ सरस्वती म्हणाली.

मग दोघींनी गुणाजीकडे बघितलं, कारण ट्रायल त्याची होती. ओटा गेला. काळुराम गेला, रामा गेला, रिक्षांचे आजार गेले. गुणाजीने मान उभी हलवली. चौतीस वर्षांतल्या हजारो मानांत ही एक मान त्याला सगळ्यांत जड गेली, पण ती खोटी नव्हती.

बिलं झाली, सह्या झाल्या. मशीन रविवारी घरी येणार होतं. संध्याकाळच्या बसमध्ये दोघांना शेजारी-शेजारी जागा मिळाली आणि बस घोडबंदर रोडला लागल्या लागल्या नेहमीप्रमाणे उभी राहिली. कोरडी लुगडी सरस्वतीच्या मांडीवर, ओली गोधडी गुणाजीच्या. ती त्याच्या पँटमधून आत झिरपत होती. तक्रार करावी अशा परिस्थितीत तो नव्हता.

‘‘आयतवारी येनार,’’ सरस्वती म्हणाली. ‘‘तवर?’’

‘‘तवर काय?’’

‘‘तवर दहा लुगडी व्हतील. ती कोन धुनार?’’

बस दोन हात पुढे गेली आणि पुन्हा थांबली. ‘‘मी धुतंय,’’ गुणाजी म्हणाला.

सरस्वती हसली. अशी हसली की पुढच्या सीटवरची माणसं वळून बघायला लागली. पदराने डोळे पुसत म्हणाली, ‘‘धुवाल वो. पिळाल कसं? नऊ वार पिळाला दोन मान्सं लागतात. येक या टोकाला, येक त्या टोकाला.’’

‘‘मंग तू कशी पिळाचीस?’’

‘‘दुसरं टोक खांबाला बांदाची,’’ ती म्हणाली. ‘‘मागच्या दाराच्या.’’

तो खांब गुणाजीला चांगला माहीत होता. दर दिवाळीला तो त्याला हाताने रंग द्यायचा, आणि होळी यायच्या आत एकाच उंचीवर रंग उडायचा. तीन वेळा दुकान बदललं त्याने. रंगवाल्याला फसव्या म्हणून भर बाजारात शिव्या घातल्या होत्या.

बाविसाव्या मजल्यावरच्या बाथरूममध्ये खांब नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तिथे गुणाजी उभा राहिला, हातात ओलं टोक घेऊन.

‘‘सोडू नका,’’ सरस्वती म्हणाली, आणि पीळ घालायला लागली.